युरोप आधी दुभंगला की लष्करी आघाड्यांनी तो दुभंगवला? नाटो आणि वॉर्सा करार यांमधील सहा वर्षांविषयी

नकाशावाचक

दुसऱ्या महायुद्धानंतरचा युरोपचा इतिहास वाचताना एका प्रश्नापाशी मी वारंवार थांबतो. या विषयाचा अभ्यास असलेल्यांनी त्यावर सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. शालेय पुस्तकांत हा भाग साधारणपणे एका दमात उरकलेला असतो: युद्ध संपले, अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात वितुष्ट आले, अमेरिकेने नाटो उभी केली, सोव्हिएत संघाने तिला उत्तर म्हणून वॉर्सा करार केला आणि युरोपात दोन तट पडले. तारखा मात्र या मांडणीला साथ देत नाहीत. नाटोच्या करारावर ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये बारा देशांच्या सह्या झाल्या, तर वॉर्सा करार १४ मे १९५५ रोजी झाला. उत्तर द्यायला सहा वर्षे का लागली? या काळात स्टालिन किंवा त्याचे वारस हातावर हात ठेवून बसले होते, असे तर कोणी म्हणणार नाही.

दुसरी शंका याच्याशीच जोडलेली आहे. चर्चिल यांनी ५ मार्च १९४६ रोजी अमेरिकेतील फुल्टन येथे केलेल्या भाषणात बाल्टिक समुद्रावरील स्टेटिनपासून एड्रियाटिकवरील ट्रिएस्टपर्यंत उतरलेल्या पोलादी पडद्याचा उल्लेख केला होता. म्हणजे नाटो जन्माला येण्यापूर्वी तीन वर्षे ही फाळणी जाणत्यांना दिसत होती. मग आघाड्यांनी खंड विभागला असे म्हणायचे, की विभागलेल्या खंडावर त्यांनी शिक्कामोर्तब केले, असे म्हणायचे? आणि शेवटची गोष्ट म्हणजे, या दोन आघाड्या एकाच जातीच्या होत्या का?

दप्तरखाना

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर ते ‘जर्मनी’ असे आहे. नाटोची स्थापना हे वॉर्सा कराराचे कारण नव्हते. पश्चिम जर्मनीला शस्त्रे देऊन नाटोत घेणे हे कारण होते, आणि ते घडायला १९५५ साल उजाडले. वॉर्सा कराराच्या प्रास्ताविकातच पश्चिम जर्मनीला सैन्य देणाऱ्या पॅरिस करारांना मिळालेली मान्यता आणि पुन्हा शस्त्रसज्ज होणारी पश्चिम जर्मनी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु तेथवरचा रस्ता सरळ नव्हता आणि तो समजून घेतल्याशिवाय सहा वर्षांचा उलगडा होत नाही.

युद्ध संपल्यावर पश्चिम युरोपातील देशांना पहिली धास्ती जर्मनीचीच होती. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी ४ मार्च १९४७ रोजी डंकर्क येथे जो तह केला, तो उघडपणे भावी जर्मन आक्रमणाविरुद्ध होता. पुढच्याच वर्षी १७ मार्च १९४८ रोजी ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी ब्रुसेल्स करार केला, त्यातही जर्मनीचे नाव आहे. मात्र तोवर मनातली भीती पूर्वेकडे वळली होती. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्राग येथे कम्युनिस्टांनी सत्ता हस्तगत केली, आणि जून महिन्यात जर्मनीच्या अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या ताब्यातील तीन विभागांत नवे चलन आल्यावर २४ जूनपासून सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि जलमार्ग बंद केले. ही नाकेबंदी १२ मे १९४९ पर्यंत चालली. विमानांच्या सुमारे पावणेतीन लाख फेऱ्यांतून जवळजवळ २३ लाख टन माल, त्यात मुख्यतः कोळसा आणि धान्य, त्या शहरात पोचवला गेला. तीन वर्षांपूर्वी ज्या शहरावर बाँब टाकले त्याच शहराला ब्रिटिश आणि अमेरिकन वैमानिक कोळसा पुरवू लागले, यातच मनोभूमिका किती बदलली होती ते दिसते. नाटोचा करार या नाकेबंदीच्या अखेरच्या टप्प्यात झाला.

पण १९४९ ची नाटो ही आज आपण समजतो तशी लष्करी यंत्रणा नव्हती. तिला एकत्रित सेनापती नव्हता, एकत्रित सैन्य नव्हते. करारातील प्रसिद्ध पाचव्या कलमानुसार एका सदस्यावरील हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानायचा असला, तरी प्रत्येक देशाने स्वतःला आवश्यक वाटेल ती कृती करावी, एवढेच बंधन त्यात आहे. युद्ध आपोआप सुरू होईल असा शब्द अमेरिकी सिनेटने मान्यच केला नसता. थोडक्यात, तो एक राजकीय हमीपत्रासारखा दस्तऐवज होता. मॉस्कोला त्याचा राग आला, निषेध झाला. पण त्यासाठी नवी आघाडी उभारावी अशी निकड भासली नाही, कारण तिच्या हाती त्याहून घट्ट साधने होती. चेकोस्लोव्हाकियाशी १९४३ मध्ये, पोलंडशी १९४५ मध्ये आणि रुमानिया, हंगेरी व बल्गेरिया यांच्याशी १९४८ मध्ये मैत्रीचे आणि परस्पर साहाय्याचे द्विपक्षीय तह झालेले होते. शिवाय पक्ष, गुप्त पोलीस आणि सैन्यातील सोव्हिएत सल्लागार होतेच.

सारे पालटले ते २५ जून १९५० रोजी कोरियात युद्ध पेटल्यावर. दुभंगलेल्या एका देशाच्या कम्युनिस्ट अर्ध्याने दुसऱ्या अर्ध्यावर चाल केली, हे पाहून युरोपात प्रत्येकाला जर्मनी आठवली. नाटोला एकत्रित कमान मिळाली, आयझेनहॉवर तिचे पहिले सरसेनापती झाले, आणि सप्टेंबर १९५० मध्ये अमेरिकेने जर्मन सैनिकांचा प्रस्ताव मांडला. पाच वर्षांपूर्वीच जर्मन ताब्यातून सुटलेल्या फ्रान्सला तो पचणे शक्य नव्हते. म्हणून फ्रेंच पंतप्रधान प्लेव्हाँ यांनी अशी योजना पुढे केली की, जर्मन तुकड्या असाव्यात, पण जर्मन सेनादल नसावे. त्या तुकड्या एका संयुक्त युरोपीय सैन्यात विखरून ठेवाव्यात. त्यावर मे १९५२ मध्ये सह्याही झाल्या. मात्र ज्या फ्रान्सने ती योजना सुचवली, त्याच फ्रान्सच्या संसदेने ३० ऑगस्ट १९५४ रोजी ३१९ विरुद्ध २६४ मतांनी ती बाजूला सारली.

या चार वर्षांत मॉस्कोचे सगळे लक्ष जर्मन सैन्य रोखण्यावर होते. १० मार्च १९५२ च्या टिपणात स्टालिनने अखंड, पण कोणत्याही आघाडीत नसलेल्या जर्मनीचा प्रस्ताव ठेवला. पश्चिमेने आधी देखरेखीखाली मुक्त निवडणुका घ्या, अशी अट घातली आणि पत्रव्यवहार तिथेच विरला. स्टालिनच्या मृत्यूनंतर, ३१ मार्च १९५४ रोजी सोव्हिएत संघाने स्वतःच नाटोत येण्याची तयारी दाखवली. तीही नाकारली गेली. अखेर ऑक्टोबर १९५४ च्या पॅरिस करारांनी पश्चिम जर्मनीला सार्वभौमत्व आणि सैन्य दिले. अण्वस्त्रे, जैविक आणि रासायनिक शस्त्रे आपल्या भूमीवर न बनवण्याचे वचन तिच्याकडून घेतले गेले आणि मे १९५५ च्या पहिल्या आठवड्यात ती नाटोची पंधरावी सदस्य झाली. आठवडाभरातच वॉर्सा येथे आठ देशांनी सह्या केल्या: सोव्हिएत संघ, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, रुमानिया, बल्गेरिया, अल्बानिया आणि पूर्व जर्मनी.

आपल्या दुसऱ्या प्रश्नावर माझे मत असे आहे की, रेषा सैन्यांनी आखली. मे १९४५ मध्ये जे सैन्य जिथे उभे होते, तिथे त्याची राज्यव्यवस्था रुजली. आघाड्यांनी त्या रेषेला कायद्याचे रूप दिले, एवढेच.

उत्तरायण

‘दप्तरखाना’ यांनी जर्मनीविषयी केलेले विवेचन मला मान्य आहे, पण शेवटच्या परिच्छेदातील निष्कर्ष मान्य नाही. सैन्य जिथे थांबले तिथे सीमा पडली, हे वाक्य इतक्या वेळा लिहिले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. नकाशा हातात घेऊन तपासले, तर ते अनेक ठिकाणी टिकत नाही.

प्रथम जर्मनीच पाहू. युद्ध थांबले तेव्हा अमेरिकन सैन्य लाइपझिग आणि एरफुर्ट येथे पोचलेले होते, म्हणजे नंतरच्या पूर्व जर्मनीत बरेच आत होते. जुलै १९४५ मध्ये ते तिथून मागे हटले, कारण ताब्याच्या विभागांच्या सीमा दोस्त राष्ट्रांनी लंडनमध्ये १९४४ मध्येच ठरवल्या होत्या. त्याच सुमारास सोव्हिएत सैन्याने स्वतः जिंकलेल्या बर्लिनचे पश्चिमेकडील भाग इतरांच्या हवाली केले. म्हणजे जर्मनीतील रेषा रणांगणावर नव्हे, वाटाघाटींच्या मेजावर ठरली आणि दोन्ही बाजूंनी ती पाळली.

आता उत्तरेकडे चला. नॉर्वेच्या उत्तर टोकाचा किर्केनेसचा प्रदेश ऑक्टोबर १९४४ मध्ये लाल सेनेने मुक्त केला आणि सप्टेंबर १९४५ मध्ये ती तिथून निघून गेली. बाल्टिकमधील बोर्नहोल्म हे डेन्मार्कचे बेट मे १९४५ पासून सोव्हिएत ताब्यात होते. एप्रिल १९४६ मध्ये तेही सोडले गेले. हे दोन्ही देश तीन वर्षांनी नाटोचे संस्थापक सदस्य झाले. याउलट चेकोस्लोव्हाकियात पश्चिमेकडून आलेले अमेरिकन सैन्य प्लझेनपर्यंत पोचले होते, आणि अमेरिकन व सोव्हिएत अशी दोन्ही सैन्ये १९४५ च्या अखेरीस देशाबाहेर गेली. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रागची सत्ता कम्युनिस्टांनी घेतली, तेव्हा त्या देशात लाल सेना तळ ठोकून नव्हती. तिथे निर्णायक ठरले ते आणखी काही: १९४६ च्या निवडणुकीत पहिला क्रमांक मिळवलेला कम्युनिस्ट पक्ष, त्याच्या हातातील गृहखाते आणि पोलीस, आणि जुलै १९४७ मध्ये मार्शल योजनेचे, म्हणजे युरोपच्या पुनर्बांधणीसाठीच्या अमेरिकी मदतीचे, निमंत्रण स्वीकारून मॉस्कोच्या दटावणीनंतर ते मागे घेणारे दुबळे सरकार. माझ्या दृष्टीने त्या जुलै महिन्यातील माघार ही युरोपच्या फाळणीतील सर्वांत महत्त्वाच्या घटनांपैकी एक आहे. सुमारे १,३०० कोटी डॉलरची ती मदत ज्यांनी घेतली आणि ज्यांना घेऊ दिली गेली नाही, अशी पहिली स्पष्ट यादी तेव्हा तयार झाली. मदत न घेतलेल्यांपैकी दोन अपवाद सोडले तर नंतर वॉर्सा कराराने त्याच यादीवर कवायत केली. फिनलंडने मदत नाकारली, पण तो वॉर्सा करारात गेला नाही. युगोस्लाव्हियाने आधी नकार दिला, आणि १९४८ मध्ये टिटो व स्टालिन यांचे बिनसल्यावर तो दोन्ही तटांपासून दूर राहिला.

फिनलंड आणि ऑस्ट्रिया या दोन देशांकडे तर जितके पाहावे तितके थोडे आहे. सोव्हिएत संघाशी दोन युद्धे हरलेल्या फिनलंडने एप्रिल १९४८ मध्ये त्याच्याशी परस्पर साहाय्याचा करार केला; त्यात मोठ्या सत्तांच्या वादाबाहेर राहण्याची आपली इच्छा नोंदवून घेतली आणि संसद, पक्ष व निवडणुका शाबूत ठेवल्या. हेलसिंकीजवळचा पोर्क्कलाचा तळ सोव्हिएत संघाने पन्नास वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला होता, तो १९५६ च्या जानेवारीत मुदतीच्या पुष्कळ आधी परत दिला. ऑस्ट्रियाचे तर जर्मनीप्रमाणेच चार विभाग पडले होते आणि व्हिएन्नाचेही चार भाग होते. तरीही १५ मे १९५५ रोजी, म्हणजे वॉर्सा करारानंतर दुसऱ्याच दिवशी, चारही सत्तांनी ऑस्ट्रियाच्या स्वातंत्र्याच्या तहावर सह्या केल्या. शरद ऋतूपर्यंत सर्व परकीय सैन्य गेले आणि २६ ऑक्टोबरला तेथील संसदेने कायमच्या तटस्थतेचा कायदा केला. लाल सेना दहा वर्षे राहून एका युरोपीय राजधानीतून करारानुसार परत गेली. हे ऑस्ट्रियात शक्य झाले, कारण तिथे १९४५ पासून साऱ्या देशासाठी एकच सरकार होते आणि ते कोणत्याही आघाडीत नव्हते.

म्हणून माझे म्हणणे असे: १९४९ पर्यंत फाळणीची रेषा पक्की झालेली नव्हती, काही ठिकाणी ती १९५५ पर्यंतही सरकू शकत होती. आघाड्यांनी ती सरकण्याची शक्यता संपवली. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द त्या कामगिरीला अपुरा पडतो.

हेसेन-निवासी

मी जर्मनीत, पूर्वीच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या गावात राहतो, म्हणून या चर्चेत एक स्थानिक तपशील जोडतो, जो दोन्ही उत्तरांच्या मध्ये बसेल असे वाटते.

दोन जर्मनींमधील सीमा १,३९३ किलोमीटर लांब होती. सुरुवातीची काही वर्षे ती फारशी बंदिस्त नव्हती. शेतकऱ्यांची जमीन एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला, असे असले तरी जाणे-येणे चालत असे. २६ मे १९५२ रोजी पूर्व जर्मन सरकारने एका आदेशाद्वारे सीमेलगतचा पाच किलोमीटर रुंदीचा पट्टा प्रतिबंधित केला, झाडी तोडून नांगरलेली पट्टी काढली आणि ‘अविश्वसनीय’ ठरवलेल्या हजारो रहिवाशांना काही दिवसांत घरांतून हलवले. तारीख लक्षात घ्या. त्याच २६ मे रोजी बॉन येथे पश्चिम जर्मनीला सार्वभौमत्व देण्याच्या पहिल्या करारावर सह्या झाल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी पॅरिसमध्ये ‘दप्तरखाना’ यांनी सांगितलेल्या संयुक्त युरोपीय सैन्याच्या करारावर. राजधान्यांत आघाडीचे एक कलम पुढे सरकले की इथे गावात कुंपण एक पाऊल पुढे येत असे.

बव्हेरिया आणि थुरिंगिया यांच्या सरहद्दीवर म्योडलारॉइट नावाचे अगदी छोटे गाव आहे. टानबाख नावाचा ओढा गावाच्या मधून वाहतो. त्या ओढ्यावरून गावाचे दोन भाग पडले. १९५२ मध्ये लाकडी कुंपण आले आणि १९६६ मध्ये सुमारे ७०० मीटर लांबीची काँक्रीटची भिंत उभी राहिली. पश्चिमेकडील लोकांना भिंतीपलीकडे पाहता येत असे. पूर्वेकडील रहिवाशांना पलीकडच्या नातेवाइकांना हात हलवून दाखवण्याचीही मनाई होती. नाटो आणि वॉर्सा करार यांची हद्द म्हणजे प्रत्यक्षात काय, हे ज्यांना समजून घ्यायचे असेल त्यांनी बर्लिनइतकेच हे गाव पाहावे. रासडॉर्फ आणि गायसा या गावांच्या मध्ये ‘पॉइंट अल्फा’ ही अमेरिकन टेहळणी चौकी आता स्मारक म्हणून जपली आहे. फुल्डाच्या खिंडीतून सोव्हिएत रणगाडे फ्रँकफुर्टकडे येतील, असे गृहीत धरून तिथले सैनिक चाळीस वर्षे समोरच्या मनोऱ्याकडे पाहत होते.

नकाशावाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बोर्नहोल्म आणि किर्केनेस यांचा संदर्भ मला पूर्णपणे नवा होता. माझ्या तिसऱ्या प्रश्नावर अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून तो थोडा बदलून पुन्हा मांडतो. सोव्हिएत संघाकडे द्विपक्षीय तह आणि सल्लागार होतेच, तर वॉर्सा कराराने त्याला प्रत्यक्षात काय मिळाले? केवळ राजनैतिक प्रत्युत्तर, की आणखी काही? शिवाय या सगळ्यात आपल्याकडचा काही धागा असेल, तर तोही वाचायला आवडेल.

उत्तरायण

मिळाले, आणि ते फार मोलाचे होते. ऑस्ट्रियाच्या तहाच्या तारखेकडे पुन्हा पाहिले की ते ध्यानात येते. १९४७ च्या शांतता तहांनी हंगेरी आणि रुमानिया या दोन पराभूत देशांत सोव्हिएत सैन्य ठेवण्याची मुभा दिली होती, पण ती ऑस्ट्रियातील सोव्हिएत विभागाशी दळणवळण राखण्यापुरती होती. १५ मे १९५५ रोजी ऑस्ट्रियाचा प्रश्न सुटला की त्या मुभेचा आधारच नाहीसा होणार होता. आदल्या दिवशी झालेल्या वॉर्सा कराराने सैन्य तिथे ठेवायला नवा कायदेशीर आधार पुरवला. आता ते जेत्याचे सैन्य उरले नाही, मित्राचे झाले.

त्याची किंमत हंगेरीने पुढच्याच वर्षी मोजली. २३ ऑक्टोबर १९५६ रोजी बुडापेस्टमध्ये उठाव झाला. पंतप्रधान इम्रे नॉज यांनी १ नोव्हेंबरला देश वॉर्सा करारातून बाहेर पडत असल्याचे आणि तटस्थ राहणार असल्याचे जाहीर केले. त्यांच्या नजरेसमोर शेजारचा ऑस्ट्रिया असणे स्वाभाविक होते. ४ नोव्हेंबरच्या पहाटे सोव्हिएत रणगाडे राजधानीत शिरले. सुमारे दोन लाख लोक देश सोडून गेले, आणि जून १९५८ मध्ये नॉज यांना फाशी देण्यात आली. कराराच्या आठव्या कलमात एकमेकांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करण्याचे वचन लिहिलेले होते, हे इथे नमूद केलेच पाहिजे. नाटोने या काळात काहीही केले नाही. तिच्या दोन प्रमुख सदस्यांनी, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी, त्याच दिवसांत सुएझवर हल्ला चढवला होता. पण ते नसते तरी पश्चिमेने रेषा ओलांडली असती असे मला वाटत नाही. फाळणी दोन्ही बाजूंनी मान्य केली गेली होती, ही गोष्ट बुडापेस्टने उघड केली.

या दोन आघाड्या एकाच जातीच्या होत्या का, या प्रश्नाचे उत्तर मी ‘बाहेर पडू पाहणाऱ्याचे काय झाले’ या कसोटीवर देतो. मार्च १९६६ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी नाटोच्या एकत्रित लष्करी कमानीतून फ्रान्सला बाहेर काढले आणि परकीय सैन्याला वर्षभरात देश सोडायला सांगितले. नाटोने आपले मुख्यालय पॅरिसहून ब्रुसेल्सला हलवले आणि लष्करी मुख्यालय बेल्जियममधील मॉन्सजवळ नेले. वाद झाले, नाराजी राहिली, एकही गोळी सुटली नाही. दोन वर्षांनी, २० ऑगस्ट १९६८ च्या रात्री, सोव्हिएत संघ, पोलंड, हंगेरी आणि बल्गेरिया यांचे सैन्य चेकोस्लोव्हाकियात घुसले. तेथील नेते दुब्चेक यांनी तर करार सोडण्याची भाषाही केली नव्हती. उलट आपण निष्ठावान सदस्य आहोत असेच ते सांगत होते. वॉर्सा कराराच्या सैन्यांची युरोपातील एकमेव मोठी संयुक्त मोहीम ही त्याच कराराच्या सदस्यावर झाली.

तरीही पूर्वेकडील तट एकसंध होता, असे समजू नये. रुमानियाने १९५८ मध्येच सोव्हिएत सैन्य आपल्या भूमीवरून जायला लावले आणि १९६८ च्या मोहिमेत भाग घ्यायला नकार दिला. अल्बानिया १९६१ पासून दुरावला होता, तो सप्टेंबर १९६८ मध्ये रीतसर बाहेर पडला. त्याला कोणी अडवले नाही, कारण मध्ये युगोस्लाव्हिया असल्याने त्याची सीमा कराराच्या कोणत्याच देशाला लागून नव्हती. हंगेरीच्या वाट्याला असा भूगोल आला नव्हता.

पश्चिमेची बाजूही निर्मळ म्हणून रंगवण्याची आवश्यकता नाही. सालाझारच्या हुकूमशाहीतील पोर्तुगाल हा नाटोचा संस्थापक सदस्य होता, कारण अझोर्स बेटांवरील तळ अटलांटिक ओलांडायला हवे होते. ग्रीसमध्ये १९६७ ते १९७४ या काळात लष्करशहांची राजवट होती, तरी त्याचे सदस्यत्व अबाधित राहिले.

मांडवीतीर

पोर्तुगालचा विषय निघाला आहे आणि आपल्याकडच्या धाग्याविषयी विचारणा झाली आहे, म्हणून गोव्याच्या बाजूने लिहितो. युरोपच्या या फाळणीचे पडसाद गोव्यापर्यंत आले आणि गोव्याच्या मुक्तिलढ्याच्या इतिहासात त्यांची पुरेशी दखल घेतली जात नाही, असे मला मनापासून वाटते.

पोर्तुगाल नाटोत गेल्यामुळे १९४९ पासून असा प्रश्न उभा राहिला की, गोव्यावर भारताने कारवाई केली तर तो नाटोवरील हल्ला ठरेल काय. कराराच्या सहाव्या कलमाने त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवले होते: परस्पर संरक्षणाची हमी युरोप, उत्तर अमेरिका, तेव्हाचा फ्रेंच अल्जीरिया आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील अटलांटिक बेटे यांपुरतीच होती. गोवा तिच्यात बसत नव्हता. तरीही सदस्य देशांकडून दिल्लीवर दबाव येत राहिला, आणि नेहरूंनी एप्रिल १९५५ मध्ये आशियाई-आफ्रिकी देशांच्या बांडुंग परिषदेत गोव्याचा उल्लेख करून, नाटो ही वसाहतवादाची एक बलाढ्य पाठीराखी बनली आहे, अशा आशयाची टीका केली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला. त्या सत्याग्रहात महाराष्ट्रातून गेलेले पुष्कळ लोक होते.

वर्षअखेरीस दोन्ही तटांनी गोव्यावर आपापली बाजू उघड केली. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतभेटीवर असताना त्यांनी गोव्याबाबत भारताला पाठिंबा दिला. लगोलग डिसेंबरमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्हा यांचे संयुक्त निवेदन आले. त्यात आशियातील पोर्तुगीज ‘प्रांत’ असा शब्दप्रयोग होता आणि भारतात त्यावर संतापाची लाट उसळली. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले तेव्हा सुरक्षा परिषदेत शस्त्रसंधी आणि माघारीची मागणी करणारा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी मांडला. हे चारही देश नाटोचे सदस्य होते. ठरावाला सात मते मिळाली, पण सोव्हिएत नकाराधिकाराने तो फेटाळला गेला. १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली. नाटोतील एकाही देशाने पोर्तुगालसाठी सैनिक पाठवला नाही. सहावे कलम तिथे खरे ठरले.

दप्तरखाना

‘उत्तरायण’ यांनी दिलेली बोर्नहोल्म आणि चेकोस्लोव्हाकिया यांची उदाहरणे वजनदार आहेत. एका गोष्टीवर मात्र माझा भर कायम आहे. ज्या ठिकाणी रेषा सरकली, ती सगळी ठिकाणे छोट्या देशांची होती. फिनलंड, ऑस्ट्रिया किंवा एखादे बेट तटस्थ राहिले तरी खंडाचे पारडे कलत नव्हते. जर्मनी तटस्थ राहील यावर मॉस्को, वॉशिंग्टन, पॅरिस आणि खुद्द बॉन येथील आडेनाउअर यांचे सरकार, यांपैकी कोणीही अखेरपर्यंत विश्वास ठेवला नाही. पश्चिम जर्मनीतील रूरच्या खाणी आणि कारखाने ज्याच्याकडे जातील, त्याच्याकडे युरोप जाईल, हे प्रत्येकाला माहीत होते.

म्हणूनच फाळणीचा शेवटही जर्मनीच्याच प्रश्नाने झाला. १२ सप्टेंबर १९९० रोजी मॉस्कोमध्ये दोन जर्मनी आणि चार जेत्या सत्ता यांनी केलेल्या तहाने अखंड जर्मनीला आपली आघाडी निवडण्याचा हक्क दिला. त्याबदल्यात तिने सैन्याची मर्यादा ३,७०,००० ठेवण्याचे मान्य केले आणि पूर्वीच्या पूर्व जर्मनीच्या भूमीवर परकीय सैन्य वा अण्वस्त्रे तैनात होणार नाहीत, असे ठरले. २४ सप्टेंबरला पूर्व जर्मनी वॉर्सा करारातून बाहेर पडली, ३ ऑक्टोबरला तिचे अस्तित्व संपले. पश्चिम जर्मनी नाटोत आल्यामुळे जन्मलेल्या कराराला त्यानंतर नऊ महिने काढता आले. १ जुलै १९९१ रोजी प्राग येथे तो विसर्जित करण्यात आला. सोव्हिएत सैन्याचे जे वारसदार रशियन सैन्य झाले होते, त्याच्या शेवटच्या तुकड्या ऑगस्ट १९९४ च्या अखेरीस जर्मनीतून परतल्या.